हेडरेस्ट फिक्स, वरखाली होणारं की अ‍ॅक्टिव्ह? मानेचा विचार करून गाडी निवडताना

गाडी बघायला गेलं की एअरबॅग किती ते सगळे मोजतात, हेडरेस्टकडे बघणारा क्वचितच, आणि मागून कोणी ठोकलं की मान वाचवायचं काम तेच करतं. पुढच्या एअरबॅग मागच्या धडकेत बहुतेक वेळा उघडतच नाहीत, आणि सीटबेल्ट हवाच पण तो डोकं धरून ठेवत नाही.

होतं असं की धडक बसली की सीट तुमची पाठ पुढे ढकलते, डोकं मात्र मागेच राहतं, मधल्या मध्ये मान आधी एस सारखी वाकते मग मागे जाते, आणि हे सगळं साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात, स्नायू आवळायलाही वेळ नाही. म्हणून कुठलाही प्रकार घ्या, बघायचं एकच, डोक्याला टेकू किती लवकर मिळतो.

फिक्स की वरखाली होणारं

सीटलाच जोडलेलं फिक्स हेडरेस्ट दिसायला स्पोर्टी असतं म्हणून लोक त्यावर भाळतात. त्याचा एक खरा फायदा आहे, कोणी ते खाली करून विसरून जाऊ शकत नाही. पण उंच माणसाला ते कानाच्याही खाली आलं तर टेकू मिळायच्या ऐवजी मान त्यावरून मागे जाते, आणि त्याला काहीच इलाज नाही. वरखाली होणारं असेल तर इलाज आहे, फक्त तो करणारे कमी, बहुतेक गाड्यांत ते पार तळाशी बसलेलं असतं. त्यातही पुढेमागे सरकणारं मिळत असेल तर मी डोळे झाकून तेच घेईन.

माप सोपं आहे. वरची कड निदान कानाच्या वरच्या टोकाएवढी हवी, डोक्याच्या टाळूएवढी असेल तर उत्तम, आणि डोक्यामागची फट १० सेंटीमीटरच्या आत, जितकी कमी तितकं बरं. सीट आरामखुर्चीसारखी मागे टाकून चालवायची सवय असेल तर ही फट वाढते, मग हेडरेस्ट कितीही भारी असो. आणि मानेमागे ती गुबगुबीत उशी लावता ना, ती काढा, मान पुढे येते पण डोकं अधांतरीच.

अ‍ॅक्टिव्ह की ऊर्जा जिरवणारी सीट

साब या स्वीडिश कंपनीने १९९७ मध्ये आपल्या ९-५ या गाडीत अ‍ॅक्टिव्ह हेडरेस्ट आणलं. धडकेत पाठ सीटमध्ये रुतली की आतली दांडी हेडरेस्टला वर आणि पुढे ढकलते. व्होल्वोने १९९८ मध्ये एस८० या गाडीत व्हिप्स नावाची सीट आणली, त्यात हेडरेस्ट पुढे येण्याऐवजी सीटची पाठच आधी मागे सरकते मग कलते आणि धक्का जिरवते. मला व्होल्वोची कल्पना जास्त पटते, कारण ती फक्त डोक्याचा नाही तर पाठीचाही विचार करते. पण यासाठी जास्त पैसे मोजावेत का? माझ्या मते नाही. नीट उंचीचं आणि डोक्याजवळ असलेलं साधं हेडरेस्टही टेस्टमध्ये चांगले मार्क मिळवतं, म्हणून अ‍ॅक्टिव्हचं नाव ऐकून खूश होण्यापेक्षा गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप किंवा अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेचा व्हिपलॅशचा, म्हणजे मानेला बसणाऱ्या अशा हिसक्याचा, निकाल मिळाला तर तो बघा. आयआयएचएसच्या एका अभ्यासात ‘गुड’ सीटवाल्या गाड्यांत मानेच्या दुखापती ‘पुअर’ वाल्यांपेक्षा साधारण १५ टक्के कमी होत्या, तीन महिन्यांवर रेंगाळणाऱ्या तर ३५ टक्के.

आणि ऑटो ब्रेक?

इथे एक गंमत आहे. पुढे गाडी आली की आपोआप लागणाऱ्या या ब्रेकमुळे मागून ठोकण्याचे अपघात जवळपास निम्मे होतात असं आयआयएचएसचंच म्हणणं आहे, पण तुमच्या गाडीतला ऑटो ब्रेक मुख्यतः पुढच्याची मान वाचवतो, तुमची मान मागच्याच्या गाडीवर अवलंबून! घ्या जरूर, पण हेडरेस्टच्या बदल्यात नाही. सिग्नलला थांबताना पुढे थोडी जागा सोडा, मागून बसलीच तर पुढच्यावर आपटून दुसरा धक्का तरी नको.

मग कोणी काय घ्यावं

उंच असाल तर वरखाली होणारंच, आणि शोरूममध्ये पूर्ण वर ओढून बसून बघा, काही गाड्यांत पूर्ण वर करूनही ते पुरत नाही. घरात एकच गाडी दोघंतिघं चालवत असतील तरी हेच, नुसतं दर वेळी आरशासोबत हेडरेस्टही लावायची सवय करा. बायकांना व्हिपलॅशचा धोका पुरुषांपेक्षा जास्त असतो, म्हणून बायको गाडी चालवणार असेल तर तिला बसवून माप घ्या, स्वतःच्या उंचीवर ठरवू नका. मागे कोणी मोठं माणूस नेहमी बसत असेल तर मागचीही बघा, मधल्या जागेला कित्येकदा हेडरेस्टच नसतं.

सेकंडहँड घेताय आणि गाडीत अ‍ॅक्टिव्ह किंवा व्हिप्ससारखी सीट आहे, तर आधी मागून ठोकली गेली होती का ते विचारा, कारण काही अ‍ॅक्टिव्ह हेडरेस्ट हाताने परत जागेवर बसतात पण काहींचे आणि व्हिप्सचे पार्ट एका धडकेनंतर बदलावे लागतात, आणि बंपर नवा दिसतो म्हणून सीटचं काम झालंय असं नसतं.