पर्यावरणात पुढे शिकायचंय: एम.एस्सी. की दूरस्थ पदविका?

सिंहस्थ जवळ येतो तशी गोदावरीची काळजी नाशिकमध्ये सगळेच बोलून दाखवतात. पण नासर्डी नदीच्या पाण्याचा नमुना घेऊन बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) काढणं हे एक काम आणि तो आकडा हातात घेऊन महापालिकेकडे, कारखान्याकडे, गावाकडे बदलाचा आग्रह धरणं हे दुसरं. यातलं कुठलं काम आयुष्यभर करायचं आहे, ते आधी ठरवा. अभ्यासक्रम त्यानंतर निवडा.

हाताने मोजायचं असेल तर पूर्णवेळ एम.एस्सी.ला पर्याय नाही. दोन वर्षं लागतात आणि विज्ञानाची पदवी हवी. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आहे, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्थाही आहे. स्नानाच्या पाण्यात बीओडी लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम हवा, हा निकष कुणीही पाठ करेल. पण नमुना कुठे आणि किती वाजता घेतला, तो थंड ठेवून वेळेत प्रयोगशाळेत पोचला का, 27 अंशांवर तीन दिवस नीट ठेवला का, यावर आकडा खरा की खोटा ते ठरतं. हे पुस्तकातून येत नाही. म्हणून प्रवेशाआधी प्रयोगशाळा बघायला जा आणि यंत्रं विद्यार्थी स्वतः चालवतात का, हे शिकत असलेल्या मुलांनाच विचारा. प्रकल्पाला विषय लांब शोधायला नको: गोदावरी-कादवा संगमावरचं नांदूर मधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आपल्याच जिल्ह्यात आहे.

इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) पर्यावरण आणि शाश्वत विकास पदव्युत्तर पदविका कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येते. किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. स्वाध्याय लिहायचे, परीक्षा जून किंवा डिसेंबरमध्ये द्यायची. नोकरी सोडावी लागत नाही. भर धोरणावर आणि लोकसहभागावर. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना ती आज जास्त उपयोगी पडेल, असं माझं ठाम मत आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केलाय आणि मोठ्या कंपन्या वीज, पाणी, कचऱ्याचे आकडे पुरवठादारांकडेही मागू लागल्या आहेत. ते समजून भरणारा माणूस लहान कारखान्यांना हवाच आहे.

मात्र नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा), पीएच.डी. किंवा प्रयोगशाळेतली नोकरी डोक्यात असेल तर पदविकेवर विसंबू नका. विज्ञान नाही पण पदवीच हवी, त्यांच्यासाठी इग्नूची पर्यावरण अभ्यासातली एम.ए. आहे.

बी.एस्सी. नुकतंच झालेल्यांनी पुण्यातलं भाडं आणि खाणावळ जड वाटली तरी एम.एस्सी.च करावं, प्रयोगशाळेतली ती दोन वर्षं पुढे नोकरी लागल्यावर काढता येत नाहीत. घर चालवणाऱ्यांनी आणि कला-वाणिज्यवाल्यांनी पदविका घ्यावी. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. दुसऱ्या कुठल्या दूरस्थ संस्थेचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाची मान्यता यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) संकेतस्थळावर तपासा.