गोठ्यातल्या कॅमेऱ्यासाठी पीओई अडॅप्टरची जोडी: घ्या, पण आधी वायर तपासा

आमचा गोठा घराच्या मागे, वायर फिरवून नेली तर पस्तीस मीटरवर. म्हशी व्यायला आल्या की रात्री बॅटरी घेऊन फेऱ्या मारायच्या, म्हणून कॅमेरा बसवायचं ठरलं. अडचण लाईटची होती. गोठ्यात बल्बापुरती लाइन आहे, पण तिथे कायमचा प्लग काढायला मी तयार नव्हते. खाली शेण-मुताची ओल, उंदरांचा सुळसुळाट, लोखंडी खांब, आणि जनावर खांबाला अंग घासणारच. २३० व्होल्टची वायर कुठे सोलली गेली तर म्हैस जागच्या जागी जाते. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, प्लग नकोच. नेटच्या वायरीतनंच बारा व्होल्ट नेऊया." आणि बाजारातून ही पीओईची (पॉवर ओव्हर इथरनेट, म्हणजे नेटच्या वायरीतूनच वीज नेणारी) जोडी घेऊन आले. किंमत तेव्हा दीडशे रुपयांच्या आत पडली.

वस्तू अगदी साधी आहे. दोन छोट्या शेपट्या, म्हणजे पिना लावलेले वायरीचे तुकडे. एक घरात राउटरजवळ राहते, तिच्यात कॅमेऱ्याचाच १२ व्होल्टचा अडॅप्टर खोचायचा. दुसरी गोठ्यात, तिच्यातून एक नेटची पिन आणि एक लाईटची पिन निघते, दोन्ही कॅमेऱ्याला लावायच्या. आत चिप नाही, सर्किट नाही. नेटच्या वायरीत आठ तारा असतात, पण १०० एमबीपीएस वेगाला त्यातल्या चारच लागतात. उरलेल्या चारांतून लाईट जाते: निळी आणि पांढरी-निळी प्लस, तपकिरी आणि पांढरी-तपकिरी मायनस. कॅमेऱ्याला चार-पाच एमबीपीएस भरपूर झाले, त्यामुळे वेगाचा प्रश्नच येत नाही. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) मात्र आठही तारा लागतात. तसा वेग हवा असेल तर ही साधी जोडी चालणार नाही.

आमच्याकडे आलेल्या फिटरने पहिल्यांदा पिना मारताना चारच तारा दाबल्या. कॅमेरा काही केल्या चालू होईना. दोन्ही टोकांना आठही तारा दाबून पुन्हा पिना मारल्या आणि लगेच चालू झाला. तेव्हा फिटरला आधीच सांगून ठेवा.

आता मुख्य गोष्ट, वायर. दिरांनी मीटर लावून गोठ्याच्या टोकाला व्होल्टेज बघितलं. दिवसा ११.४ भरलं. रात्री कॅमेऱ्याचे अंधारात बघायचे दिवे लागले, की १०.६. म्हणजे घरातून १२ निघाले आणि जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच संपले. आमची वायर अस्सल तांब्याची, म्हणून एवढ्यावर भागलं. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायर सर्रास मिळते. तिचा विरोध दीडपटीहून जास्त असतो. तीच लावली असती तर रात्री दहाच्या खाली गेलं असतं आणि कॅमेरा बंद-चालू होत राहिला असता. "दिवसा छान चालतो, रात्रीच बंद पडतो" असं कुणी सांगितलं की मी आधी वायरच विचारते. ओळखायची रीत सोपी आहे. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरं चमकलं तर ती दुकानदाराला परत द्या. जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावून ही घट भरून निघत नाही, कारण व्होल्ट वायरीतच जातात.

गोठा साठ-सत्तर मीटरवर असेल तर बारा व्होल्टचा नाद सोडा. तिथे घरात नेटच्या वायरीत ४८ व्होल्ट सोडणारं इंजेक्टर आणि कॅमेऱ्याजवळ ४८ चे १२ करणारं स्प्लिटर लागतं. व्होल्ट चौपट म्हणजे तेवढ्याच कामाला करंट पाव, त्यामुळे घट नगण्य. त्याला पैसे जास्त पडतात, पण ते रास्त आहेत. शिवाय ८०२.३ एएफ हे पीओईचं २००३ चं प्रमाण पाळणारं इंजेक्टर आधी पलीकडचं यंत्र लाईट घेणारं आहे का ते तपासतं, मगच वीज सोडतं. आमची स्वस्त जोडी काहीच तपासत नाही, समोर जे असेल त्यात बारा व्होल्ट ढकलते. म्हणून घरातल्या शेपटीपासून गोठ्याकडे जाणाऱ्या वायरीला मी लाल पट्टी गुंडाळली आहे. पोरांनी ती लॅपटॉपला लावू नये.

गोठ्याकडचा जोड उघडा ठेवू नका. आम्ही तो झाकणाच्या प्लास्टिक डबीत घातला, भोक खालच्या बाजूला पाडलं आणि वायरीला आत शिरण्याआधी खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जातं. गोठ्याच्या वाफेत तांब्यावर हिरवं चढायला वेळ लागत नाही, आणि लाईट वाहणाऱ्या पिनेवर तर आणखी लवकर.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते वेगळंच. कॅमेऱ्याची लाईट घरातून जाते आणि घरात इन्व्हर्टर आहे. बाहेरची लाईट गेली तरी राउटर आणि कॅमेरा दोन्ही चालू. आमची थोरली म्हैस अशाच अंधारात व्यायला लागली. ती सारखी उठबस करतेय, शेपूट वर धरून दावणीला ओढ घेतेय, हे अंथरुणातूनच मोबाईलवर दिसलं. सासूबाईंना उठवून गेलो तेव्हा रेडकाचे पाय नुकते दिसत होते. कॅमेरा गोठ्यातल्या लाइनवर असता तर नेमका त्याच वेळी बंद पडला असता.

एक काळजी वळवाच्या दिवसांत घ्या. घरापासून गोठ्यापर्यंत उघड्यावरून गेलेली वायर विजेच्या कडकडाटात राउटरपर्यंत झटका आणू शकते. आभाळ भरून आलं, की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच आम्ही राउटरमधली ती पिन आणि शेपटीचा अडॅप्टर दोन्ही काढून ठेवतो.