फोन बदलला की कुठलं ॲप कामाला येतं

चिपळूणच्या बाजारात माझं मोबाइल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. फीचर बघून मेसेजिंग ॲप मागणारं गिऱ्हाईक माझ्याकडे क्वचितच येतं. 'मुलगा दुबईला गेलाय, ते बोटिम टाकून द्या', 'क्लासच्या सरांनी टेलिग्राम सांगितलंय', असंच मागतात. समोरचा जिथे असेल तिथे जायचं, विषय संपला. म्हणून मी या ॲपना एकच प्रश्न विचारतो: फोन गेला तर आतलं काय परत मिळतं?

हा प्रश्न 22 जुलै 2021 च्या पुराने शिकवला. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, आणि ओसरल्यावर चिखलाने भरलेले फोन पिशव्यांतून यायला लागले. फोनचं दुःख कमीच, लोकांना आतलं हवं होतं. बारशाचे फोटो, उधारीचे हिशोब, व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी, सगळं व्हॉट्सॲपवर. नवा फोन घेऊनही लगेच काही हाती लागत नाही, कारण ओटीपी यायला आधी डुप्लिकेट सिम पाहिजे. ते चालू झालं की ज्यांचा गूगल ड्राइव्हवर बॅकअप होता त्यांची चॅट परत आली. ज्यांनी बॅकअपपुढे 'नेव्हर' ठेवलेलं, त्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. टेलिग्रामवाले पोरगे मात्र निवांत. लॉगिन केलं, की जुन्या पीडीएफसकट सगळं हजर.

व्हॉट्सॲपच्या बॅकअपची खरी गोम जीमेलमध्ये आहे. फोन घेताना दुकानदाराने किंवा भाच्याने कुठला तरी मेल आयडी टाकलेला असतो, पासवर्ड कुणालाच आठवत नाही. त्यात 2024 पासून अँड्रॉइडवरचा हा बॅकअप गूगलच्या फुकट 15 जीबीत मोजला जातो. जागा भरते, बॅकअप गुपचूप थांबतो, आणि माणसाला पत्ताच नसतो. एका काकूंच्या फोनमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडून दाखवलं. 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'च्या खान्यात नुसते सुप्रभात, गणपती आणि गुडघेदुखीवरचे उपाय. 'देवाचे फोटो डिलीट नको हो करू,' म्हणाल्या. शेवटी गुडघे काढले, गणपती ठेवले, आणि मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करून दिलं.

एवढ्या कटकटी असूनही व्हॉट्सॲपला पर्याय नाही. गॅसवाला, शाळा, सोसायटी, पंचायतीचा ग्रुप, सगळे तिथेच.

टेलिग्राम मला वापरायला सगळ्यात आवडतं. ग्रुपमध्ये 2,00,000 माणसं मावतात, 2 जीबीची फाइल जाते, नंबर लपवता येतो. एमपीएससीची मुलं नोट्ससाठी त्यावरच असतात. पण चॅट परत कशी येते हे गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं: ती त्यांच्या सर्व्हरवर असते. साधी चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नाही, म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येईल अशी कुलूपबंद नाही. त्यासाठी 'सीक्रेट चॅट' वेगळी उघडायची, आणि ती नव्या फोनवर येत नाही. अजून एक अडचण म्हणजे लॉगिनचा कोड बरेचदा जुन्या फोनमधल्या टेलिग्रामवरच जातो. जुना फोन विकून मोकळे झालेले लोक मग माझ्या तोंडाकडे बघत बसतात. आणि शेअरच्या टिप्स देणाऱ्या अनोळखी ग्रुपपासून चार हात लांबच राहा.

सिग्नल या मेसेजिंग ॲपची लाट आली ती जानेवारी 2021 मध्ये, व्हॉट्सॲपच्या नव्या प्रायव्हसी पॉलिसीवरून आरडाओरडा झाला तेव्हा. व्हॉट्सॲपचाच एक संस्थापक ब्रायन ॲक्टन याने सिग्नलच्या संस्थेला 5 कोटी डॉलर दिलेत. संस्था ना-नफा, जाहिरात नाही. गोपनीयतेत मी त्यालाच पहिला नंबर देईन. 2021 च्या त्या लाटेत भरपूर जणांनी टाकून घेतलं. आत ओळखीचं कुणी दिसेना, तसे परत फिरले. फोन बदलताना मात्र फार कडक. सप्टेंबर 2025 मध्ये त्यांनी क्लाउड बॅकअप आणायला सुरुवात केली, पण त्याची किल्ली, म्हणजे तो उघडायचा कोड, 64 अक्षरांची. ती हरवली तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही. वकील, पत्रकार यांनी जरूर वापरावं. आईच्या फोनमध्ये टाकायच्या आधी विचार करा.

बोटिमचं कारण सरळ आहे. युएईत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही; बोटिमवर लागतो. तिकडे मुलगा इंटरनेट कॉलिंगचा प्लॅन घेतो, इकडे आईला फुकट. यात आवडीनिवडीचा प्रश्नच नाही.

2025 च्या ऑक्टोबरात झोहो कंपनीच्या अरट्टाई या मेसेजिंग ॲपची चौकशी एकदम वाढली. आपल्या देशातलं म्हणून टाकून दिलं, चालतंही हलकं. त्या वेळी कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होते, चॅट नव्हती, हे मी प्रत्येकाला सांगायचो. हाईक हे आधीचं देशी मेसेजिंग ॲप जानेवारी 2021 मध्ये बंद पडलं, ते आठवणारे जरा जपूनच विचारत होते.

ॲप टाकून द्यायचे मी पैसे घेत नाही. चॅट नव्या फोनवर आणायच्या असतील तर जुना फोन विकायच्या आधी या. सिम, जीमेलचा पासवर्ड आणि चार्ज केलेला जुना फोन सोबत आणा.