अमिगा १२०० वर पीएफएस३: सिसइन्फोच्या आकड्यावर जाऊ नका

जुन्या अमिगाची (कमोडोर कंपनीच्या घरगुती कॉम्प्युटरची) हार्ड डिस्क 'फास्ट' करायची म्हटलं की सगळे आधी सिसइन्फो हा वेग मोजणारा प्रोग्रॅम उघडतात, स्पीडचा आकडा बघतात आणि तो कसा वाढेल याच्या मागे लागतात. पीएफएस३ ही फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइल्स कशा मांडायच्या ते सांभाळणारा प्रोग्रॅम) टाकून तो आकडा वाढेल अशी आशा असेल तर सरळ सांगते, वाढत नाही. तरीही माझ्या अमिगा १२०० वर मी केलेल्या सगळ्या बदलांत हा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

मशीन असं आहे: किकस्टार्ट (रॉममधली मूळ सिस्टीम) ३.१, ट्रॅपडोअरमध्ये, म्हणजे तळच्या खणात, फास्ट रॅम (फक्त प्रोसेसरसाठीची मेमरी), आणि मूळ अडीच इंची डिस्कच्या जागी अडॅप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. १९९२ च्या या मशीनवरची आयडीई ही डिस्कची जोडणी अगदी साधी. डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवण्याची सोय) नाही, प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः उचलून ठेवावा लागतो. अशा जोडणीच्या सगळ्यात हळू प्रकाराची, म्हणजे पीआयओ मोड ० ची, कागदावरची कमाल मर्यादाच सेकंदाला ३.३ एमबी, आणि १४ मेगाहर्ट्झचा ६८०२० तिथपर्यंतही पोचत नाही. त्यामुळे कार्ड कितीही महागाचं घ्या, अडतं प्रोसेसरपाशीच. आकडा खरोखर वाढवायचा तर फास्ट रॅम घाला. नुसत्या चिप रॅमवर प्रोसेसरला ग्राफिक्सच्या चिप्सबरोबर वाटणी करावी लागते, ती थांबली की डिस्कचा वेगही आपोआप सुधारतो.

मग पीएफएस३ ने काय होतं? खूप फाइल्स असलेला ड्रॉवर (अमिगावर फोल्डरला हेच म्हणतात) उघडून बघा. रॉममधली मूळ फाइल सिस्टीम एफएफएस डिरेक्टरीत फाइलचं नाव ठेवतच नाही. ७२ खणांचा एक तक्ता असतो, प्रत्येक खणात फक्त ब्लॉकचा (डिस्कवरच्या ठराविक मापाच्या तुकड्याचा) नंबर. नाव, साइझ, तारीख हे सगळं त्या त्या फाइलच्या हेडर ब्लॉकमध्ये. म्हणजे शेलमध्ये 'लिस्ट' दिलं की जितक्या फाइल्स तितके ब्लॉक वाचायचे, आणि ते डिस्कभर विखुरलेले. जुन्या फिरत्या डिस्कवर हे कानांनी कळायचं: एकेक नाव स्क्रीनवर उमटतंय आणि प्रत्येक नावागणिक हेडचा कट्कट् आवाज. कार्डावर हेड नाही, पण तेवढ्या वेळा मागणी पाठवणं काही चुकत नाही. पीएफएस३ एका डिरेक्टरीतल्या नोंदी एकत्र, सलग ठेवते. एका ब्लॉकमध्ये कितीतरी नावं येतात. यादी सरसर उतरते, शेकडो फाइल्सचा ड्रॉवर पुसताना ताटकळावं लागत नाही, आणि आर्काइव्ह उलगडतानाचा फरक तर घड्याळ न लावताही कळतो.

दुसरी गोष्ट मला वेगाहूनही महत्त्वाची वाटते. एफएफएस काही लिहीत असताना मशीन गुरू मेडिटेशनवर (अमिगाच्या क्रॅशच्या संदेशावर) गेलं, तर पुढच्या वेळी ती अख्खं पार्टिशन व्हॅलिडेट करत, म्हणजे तपासत, बसते, आणि तोवर लिहू देत नाही. पीएफएस३ बदल आधी रिकाम्या ब्लॉकवर लिहिते आणि रूट ब्लॉक, म्हणजे पार्टिशनचा मुख्य ब्लॉक, सगळ्यात शेवटी बदलते. मध्येच वीज गेली तर जुनी स्थिती तरी मिळते, नाहीतर नवी. अर्धवट काही राहत नाही. मी डेमो आणि अर्धेकच्चे प्रोग्रॅम चालवून बघते, मशीन सारखं कोसळतं. रीसेट केलं की वर्कबेंच, म्हणजे अमिगाचा डेस्कटॉप, लगेच समोर.

मूळ फाइल सिस्टीम मिखिल पेल्ट यांची. कोड खुला झाल्यावर विन-यूएई हा अमिगाचा एम्युलेटर करणाऱ्या टोनी विलेन यांनी तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्या एकत्र करून ही 'ऑल-इन-वन' बनवली, ती अमिनेट या अमिगाच्या सॉफ्टवेअरच्या साइटवर फुकट आहे. बसवायला अमिगाच्या एचडीटूलबॉक्स या डिस्क मांडायच्या प्रोग्रॅममध्ये अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडून फाइल सिस्टीम जोडायची, डॉसटाइप (फाइल सिस्टीमचा ओळख-क्रमांक) ५०४६५३०३ द्यायचा (हेक्समध्ये), पार्टिशनला तोच लावायचा, सेव्ह, रीबूट आणि क्विक फॉरमॅट. फॉरमॅट म्हणजे आधीचं सगळं जाणार, तेव्हा बॅकअप आधी. फाइल सिस्टीम डिस्कच्या आरडीबीत (डिस्कच्या सुरुवातीला पार्टिशनची माहिती ठेवणाऱ्या भागात) बसते, म्हणून फ्लॉपीवरून बूट केलं तरी पार्टिशन दिसतं.

तिथेच मॅक्सट्रान्सफरही (एका वेळी जास्तीत जास्त किती बाइट न्यायचे तो आकडा) बघून घ्या, कारण इथे प्रश्न वेगाचा नाही, डेटाचा आहे. हेक्समध्ये १एफई०० भरा. म्हणजे १३०५६० बाइट, बरोबर २५५ सेक्टर. आयडीईत सेक्टर मोजणारं रजिस्टर आठ बिटांचं, २५६ म्हणायचं तर त्यात शून्य लिहावं लागतं, आणि काही डिस्क नि कार्डं तिथे गोंधळतात. लक्षण ठरलेलं: छोट्या फाइल्स ठणठणीत, मोठी चित्रं आणि आर्काइव्ह मात्र बिघडलेली. हा आकडा भरल्याने वेगात जाणवण्यासारखी घट होत नाही, म्हणून एफएफएसवर राहणाऱ्यांनीही तो भरावाच.

बफर (डिस्कवरचे ब्लॉक रॅममध्ये तात्पुरते ठेवायच्या जागा) मी दीडशे ठेवलेत. त्याच्या पुढे माझ्या वापरात काही फरक दिसला नाही, उगाच रॅम अडकते.

उणिवा आहेत. एफएफएस रॉममध्ये असते, ही रॅममध्ये चढते. डिस्कसाल्व्हसारखी जुनी दुरुस्तीची हत्यारं हिच्यावर चालत नाहीत, दुरुस्तीसाठी पीएफएसडॉक्टर वेगळा घ्यावा लागतो. मोठी सलग फाइल वाचण्यात फायदा जवळपास शून्य. आणि लिहून झाल्यावर दिवा विझला की क्षणभर थांबूनच बटण बंद करावं.

फास्ट रॅम असलेल्या कुठल्याही १२०० वर मी ही डोळे मिटून टाकीन. फक्त २ एमबी चिप रॅम असेल तर सध्या एफएफएस राहू द्या, बफर थोडे वाढवा आणि आधी रॅम मिळवा.