पेनेदेसचा काव्हा: कोदोर्निऊचं तळघर आणि विलाफ्रांकाचे मनोरे

बार्सिलोनाला जाणार असाल तर जवळच्या पेनेदेससाठी, म्हणजे काव्हा या फेसाळ वाइनच्या द्राक्षपट्ट्यासाठी, वेळ राखून ठेवा, आणि जमलं तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा गाठा. तेव्हा बागांमध्ये द्राक्षतोडणी चालू असते आणि ३० तारखेला तिथल्या विलाफ्रांका गावाच्या चौकात सांत फेलिक्सच्या सणाचे मानवी मनोरे लागतात. आम्ही दोन्ही गाठलं. बरोबर माझे वडील, अण्णा. पिंपळगाव बसवंतला आमची बाग आहे. अण्णांचं सगळं आयुष्य छाटणी, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं) आणि अवकाळीच्या धास्तीत गेलं. गळ्यात माळ, त्यामुळे वाइन चाखण्याचा प्रश्नच नव्हता. तरी या सहलीत सगळ्यात जास्त रमले ते अण्णाच. म्हणून न पिणाऱ्यांनीही हे वाचावं.

बार्सिलोनाच्या प्लासा कातालुन्याहून आर-४ ही लोकल पकडली की पाऊण तासात सांत सादुर्नी हे काव्हाचं गाव येतं. काव्हा करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या इथल्याच: स्टेशनला लागूनच फ्रेशनेत, आणि गावाबाहेर कोदोर्निऊ. आम्ही कोदोर्निऊची मार्गदर्शकासह फेरी आधीच ऑनलाइन आरक्षित केली होती; इंग्रजीतल्या फेरीची वेळ बघून मगच ट्रेन ठरवा. स्टेशनवरून टॅक्सी केलेली बरी, उन्हाचं अंतर जाणवतं.

या घराण्याचा द्राक्षाशी संबंध १५५१ पर्यंत मागे जातो. १६५९ मध्ये आन्ना कोदोर्निऊचं लग्न रावेन्तोस घराण्यात झालं. पुढे १८७२ मध्ये जोसेप रावेन्तोस यांनी बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याच्या फ्रेंच पद्धतीने इथे फेसाळ वाइन केली, आणि तिथून काव्हाचा धंदा उभा राहिला. द्राक्षं मात्र स्थानिक: माकाबेऊ, शारेलो आणि पारेल्यादा.

पण आधी इमारतीबद्दल सांगते, कारण दारातून आत गेल्यावर आम्ही दोघंही गप्प झालो. बार्सिलोनाचे प्रसिद्ध वास्तुकार गाउदी यांच्याच काळातले वास्तुकार जोसेप पुच इ कादाफाल्क यांनी ही तळघरं आणि शेड बांधली. १८९५ ला सुरू झालेलं काम १९१५ पर्यंत चाललं. द्राक्षं गाळण्याची जुनी शेड म्हणजे नुसत्या विटांच्या उंच कमानी, एकामागे एक. मधे खांब नाही, त्यामुळे ढीगभर द्राक्षं आणि माणसं मोकळी फिरायची. कारखान्याची शेड इतक्या निगुतीने बांधावीशी वाटणं, हीच मला कातालान, म्हणजे स्पेनच्या या कातालुन्या प्रांतातल्या लोकांची ओळख वाटते. हेच पुच इ कादाफाल्क पुढे १९१७ मध्ये मान्कोमुनितात या कातालुन्याच्या स्वशासन संस्थेचे अध्यक्ष झाले. बार्सिलोनात त्यांचंच कासा आमात्येर हे घर पाहिलं असेल तर तोच हात इथे ओळखू येतो. १९७६ पासून ही वास्तू राष्ट्रीय स्मारक आहे.

मग छोट्या गाडीत बसून खाली. जमिनीखाली पाच मजले, सुमारे ३० किलोमीटर बोगदे. बाहेर अंग भाजत होतं आणि खाली अण्णांनी उपरणं अंगाभोवती लपेटलं. एक ओढणी किंवा जाकीट नक्की न्या. भिंतीला लागून आडव्या बाटल्यांची थप्पी, त्यावर धूळ. आमच्या मार्गदर्शक बाईंनी एक बाटली दिव्यासमोर तिरकी धरली तेव्हा आत खमिराचा पांढुरका गाळ रेतीसारखा सरकताना दिसला. बाटली रोज थोडी फिरवत, हळूहळू उलटी करत तो गाळ तोंडाशी आणायचा, तोंड गोठवायचं, बूच उघडलं की आतल्या दाबाने गाळाचा बर्फ बाहेर उडतो. साधा काव्हा किमान ९ महिने या गाळावर ठेवतात, रिझर्व्हा १८ महिने, ग्रान रिझर्व्हा ३०.

अण्णांचा जीव बागेत अडकलेला. वर आल्याबरोबर त्यांनी मला विचारायला लावलं, "खुंट कोणता वापरता, विचार." खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम बांधतात ते झाड. बाईंनी "११० रिख्टर" म्हटल्याबरोबर अण्णांचा चेहरा खुलला. आपल्याकडे द्राक्षाला बहुतेक ठिकाणी डॉगरिज खुंट असला तरी वाइनच्या बागांना हाच ११० आर लावलेला त्यांनी पाहिलाय. फरक कारणात आहे. आपण खुंट घेतो तो पाण्याच्या ताणासाठी आणि खारवट जमिनीसाठी. यांनी घेतला तो फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीपायी. अमेरिकेतून आलेली ही कीड १८८७ च्या सुमारास पेनेदेसमध्ये पोचली आणि बागाच्या बागा गेल्या. अमेरिकन खुंटांवर कलमं बांधून पुन्हा लागवड झाली, आणि तेव्हा लाल जातींच्या जागी काव्हाला लागणाऱ्या पांढऱ्या जाती आल्या. आज दिसणारं पेनेदेस त्या किडीने घडवलंय. सांत सादुर्नीत सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या किडीचा अजस्र पुतळा आतषबाजी करत गल्ल्यांतून फिरवतात. अण्णा म्हणाले, "भुरीची अशी मिरवणूक आपण काढली पाहिजे." भुरी हा आमच्या वेलींवरचा बुरशीचा रोग; ते अगदी मनापासून बोलत होते.

दुपारनंतर आम्ही जवळच्या एका लहान कुटुंबाच्या बागेत गेलो. नाव देत नाही, कारण ते ओळखीवरच माणसं घेतात. तिथे मांडव नाही की तारा नाहीत. गुडघाभर उंचीची जुनी झुडपं, मधे पांढुरकी चुनखडीची माती आणि मागे मोन्सेरात डोंगराचे दातेरी सुळके. ठिबक नाही, सगळं कोरडवाहू. २०२१ ला सुरू झालेल्या दुष्काळात यातली काही झुडपं वाळली, ती त्यांनी आम्हाला हाताने दाखवली. अण्णांनी एका खोडाची साल नखाने खरवडून खालचा हिरवा पापुद्रा बघितला आणि मान डोलावली. त्या घरच्या आजोबांनीही तेच केलं. दोघांत भाषेचा एक शब्दही सामाईक नव्हता, पण पुढचा बराच वेळ ते दोघंच ओळीओळीतून फिरत होते. अण्णांना ताजा द्राक्षाचा रस मिळाला. माझ्यासाठी ब्रूट नेचर, म्हणजे वरून साखर न घातलेला काव्हा. हिरवं सफरचंद, किंचित कडसर बदाम, आणि जिभेवर खडूसारखा कोरडेपणा. गोडसर वाइनची सवय असेल तर पहिला घोट कठीण जातो. खारवलेल्या बदामांबरोबर दुसरा घेऊन बघा.

विलाफ्रांका सांत सादुर्नीहून लोकलने जेमतेम पंधरा मिनिटं. जुन्या राजवाड्यातलं विन्सेऊम हे वाइनचं संग्रहालय चांगलं आहे, पण सांत फेलिक्सच्या दिवशी पाय तिकडे वळत नाहीत. चौकात हिरव्या सदऱ्यांचं कास्तेलेर्स दे विलाफ्रांका हे मनोरे रचणारं गावचं पथक आणि पाहुणी पथकं. दहीहंडी बघत वाढलेल्या माणसाला वाटतं, हे आपल्याला माहीत आहे. पण इथे वर हंडी नाही. सगळ्यात वरचं हेल्मेट घातलेलं पोर हात वर करतं तेव्हा मनोरा लागला असं धरतात, आणि पूर्ण मान मिळतो तो मात्र सगळे सुखरूप खाली उतरल्यावर. ग्राल्या या सनईसारख्या वाद्याचे सूर चढउतारासोबत बदलतात, त्यामुळे आतल्या, खाली मान घातलेल्या माणसांना वर काय चाललंय ते कळतं. कंबरेचा काळा पट्टा दोघं मिळून गच्च आवळतात, कारण वर चढणाऱ्याचा पाय त्यावरच पडतो. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. उतरताना एक मनोरा थरथरू लागला तेव्हा अख्खा चौक श्वास रोखून उभा होता आणि अण्णा "पांडुरंगा, पांडुरंगा" म्हणत होते.

जेवणाचा अनुभव मात्र मिश्र. चौकाजवळच्या एका हॉटेलात मासे नकोत असं दोनदा सांगूनही एस्कालिवादावर, म्हणजे निखाऱ्यावर भाजून सोललेल्या वांगी-ढोबळी मिरचीवर, आंचोव्ही ठेवून आणले. ताट परत पाठवावं लागलं आणि नवं यायला फार वेळ गेला. शाकाहारींनी फोनवर वाक्य लिहून ठेवावं. टोमॅटो चोळलेला पाव मात्र कुठेही बिनधास्त मागवा. गोडात कातानियेस घ्या: साखरेत परतलेला बदाम, वर पांढरा लेप, बाहेर कोको, विलाफ्रांकाचीच खासियत.

बाटली आणायची असेल तर रिझर्व्हा किंवा ग्रान रिझर्व्हा बघून घ्या, चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळा. सणाच्या दिवशी विलाफ्रांकात खोली मिळणं अवघड असतं; मुक्काम बार्सिलोनातच ठेवा, सकाळची लवकरची आर-४ पकडा, टोपी आणि पाणी घ्या, आणि मनोरे दुपारच्या जेवणाच्या वेळेपलीकडे चालतात हे धरून पिशवीत काहीतरी खायला ठेवा.