सुपरमरीन वॉलरस, १/४८ मापाचे मॉडेल: बांधणीचा आणि त्यानंतरच्या काही महिन्यांचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणणाऱ्या सुपरमरीन वॉलरस या उभयचर विमानाचे १/४८ मापाचे प्लॅस्टिकचे किट मी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी बांधायला घेतले. दिवाळीच्या सुमारास ते पूर्ण झाले आणि तेव्हापासून ठाण्याच्या घरी काचेच्या कपाटात उभे आहे. किटचे खोके उघडून सुट्या भागांवर मत देणारे लेखन भरपूर सापडते. परंतु तारा ताणलेले दुपंखी (एकावर एक पंख असलेले) मॉडेल आपल्याकडचा दमटपणा आणि त्यामागून येणारा उन्हाळा कसा सोसते, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही.

वॉलरसची रचना आर. जे. मिचेल यांची, म्हणजे ज्यांनी पुढे स्पिटफायर हे लढाऊ विमान आखले त्यांचीच. १९३३ साली पहिले उड्डाण झालेल्या या विमानाचा कमाल वेग ताशी सुमारे २१७ किलोमीटर होता आणि रूप इतके बेढब, की दोन्ही विमाने एकाच हातची आहेत यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. मूळ काम युद्धनौकेवरून कॅटापल्टने (फेकयंत्राने) फेकले जाऊन टेहळणी करण्याचे होते. मात्र १९४१ नंतर ब्रिटिश हवाई दलाच्या सागरी बचाव तुकड्यांनी ते वापरले आणि त्याचे खरे नाव तेथे झाले. या तुकड्यांच्या वॉलरसनी हजाराहून अधिक वैमानिकांना वाचवले, त्यांतील ५९८ एकट्या २७७ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनच्या खात्यावर आहेत. माणसे जास्त झाली किंवा समुद्र खवळलेला असला आणि उड्डाण जमेना, की ही विमाने पाण्यावरूनच बोटीसारखी किनाऱ्याकडे निघत. किटमध्ये नौदलाच्या चंदेरी विमानाचेही डिकॅल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हे व अक्षरे) आहेत आणि ते अधिक देखणे दिसले असते. तरीही मी २७७ स्क्वॉड्रनचे, त्याच्या ‘बीए’ या सांकेतिक अक्षरांचे विमान निवडले आणि त्या निवडीबद्दल मी आजही समाधानी आहे.

किटचे सर्वांत चांगले अंग म्हणजे विमानाचा बोटीसारखा धड-भाग. त्याच्या आतली रचना इतकी नेमकी दिली आहे, की दोन अर्धे चिकटवण्यापूर्वी ते काही दिवस तसेच उघडे ठेवावेसे वाटते. वॉलरसचा नियंत्रणदांडा उपटून दुसऱ्या जागी खोचता येत असे. दोन आसनांसाठी फरशीत दोन खोबण्या आणि दांडा मात्र बहुधा एकच, तो वैमानिक एकमेकांच्या हाती देत. किटच्या फरशीवर या दोन्ही खोबण्या आहेत. उजवे आसन मिटले की नाकाडातल्या बंदुकीकडे रांगत जाता येई. ती वाटही दाखवली आहे, जरी झाकण लागल्यावर तिच्यातले निम्मेही दिसत नसले तरी. धडाच्या पाठीवरची सांध्याची रेघ मात्र पुट्टी आणि सँडपेपर घेऊन बसल्याशिवाय जात नाही, आणि त्या घासण्यात आजूबाजूचे रिव्हेट बुजतात.

इंजिनाच्या बाबतीत दोन गोष्टी बांधणाऱ्याने आधीच जाणून घ्याव्यात, कारण किटच्या सूचनापत्रिकेत त्यांचे कारण दिलेले नाही. पेगॅसस इंजिन मागे तोंड करून बसते आणि त्याचे संपूर्ण कवच उजवीकडे तीन अंश वळलेले असते. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) भोवऱ्याने सुकाणूवर येणारा असमान दाब तोलण्यासाठी ही योजना होती. बसवल्यावर ते तिरके दिसते, म्हणून ‘दुरुस्त’ करण्याचा मोह आवरावा. दुसरे असे, की चार पात्यांचा हा पंखा म्हणजे दोन-दोन पात्यांचे दोन लाकडी पंखे काटकोनात एकावर एक जोडलेले होते. त्यामुळे चारही पाती एका पातळीत येत नाहीत, येऊही नयेत.

रंगकामात बहुतेक जण एक तपशील गाळतात. वरच्या पंखाच्या सावलीत खालचा पंख अधिक गडद भासतो, म्हणून खालच्या पंखाच्या पाठीवर त्याच नमुन्यातल्या करड्या आणि हिरवट करड्या रंगांच्या फिक्या छटा वापरत असत. चार रंग मिसळण्याचा त्रास वाढतो खरा, पण दुपंखी विमानाला खोली येते ती यामुळेच. जून ते सप्टेंबर मी एअरब्रशला हात लावला नाही; लॅकर रंग आपल्या पावसाळी हवेत पांढुरके पडतात आणि मग सगळे उतरवावे लागते. तो काळ तारांसाठी बारीक भोके पाडण्यात आणि खिडक्यांच्या चौकटींवर मास्किंग टेप चिकटवण्यात चांगला जातो.

आता टिकाऊपणाविषयी. बहुतेक ताणतारांसाठी मी लवचिक धागा वापरला होता आणि काहींसाठी घरात असलेला तंगूस. लवचिक धागा एप्रिलच्या उकाड्यानंतरही ताठ आहे, धूळ झटकताना ब्रश लागला तरी तो परत जागेवर येतो. तंगूस मात्र सैल पडला असून तिरप्या उजेडात त्याचा झोल स्पष्ट दिसतो. डिकॅल पिवळे पडलेले नाहीत. चकचकीत थरावर लावल्यामुळे त्यांच्याखाली हवाही धरलेली नाही. खरी तक्रार चाकांच्या पायांची आहे. भरीव धडाचे वजन बारीक प्लॅस्टिकच्या पायांवर येते आणि काही महिन्यांत ते बाहेरच्या बाजूस किंचित फाकले आहेत. पायात पोलादी तार घालण्याची सोय बांधतानाच करावी, नंतर ते जमत नाही. शेपटीच्या चाकाला हा त्रास नाही, कारण ते पाण्यातल्या छोट्या सुकाणूच्या आत बसते आणि तो भाग चांगला दणकट आहे.

संदर्भासाठी खरा वॉलरस पाहायचा तर इंग्लंडमधील येओव्हिल्टनच्या नौदल हवाई संग्रहालयात जावे लागते. पण बोटीचे पोट, त्याच्या तळाची पायरीसारखी खाच आणि चाके एकत्र कशी नांदतात एवढेच समजून घ्यायचे असेल, तर गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात उभे असलेले शॉर्ट सीलँड पाहावे. भारतीय नौदलाला १९५३ मध्ये मिळालेली पहिली विमाने हीच, आणि तीही उभयचर. ते एकपंखी, दोन इंजिनांचे आणि बरेच नंतरचे आहे, हे ध्यानात ठेवले की झाले.

पहिलेच दुपंखी मॉडेल म्हणून हे किट मी कोणाला सुचवणार नाही. वरचा पंख खांबांवर बसवताना सगळे सांधे एकाच वेळी जुळवावे लागतात आणि तेथे सराव नसलेला हात अडतो. ज्याने एखादे साधे दुपंखी बांधले आहे त्याने जरूर घ्यावे. जागेचा प्रश्न असेल तर पंख मिटलेले बांधण्याची सोय किटमध्येच आहे: उघडे पंख सुमारे २९ सेंटिमीटर जागा घेतात, मिटलेले केवळ ११. मात्र तसे बांधायचे असल्यास हा निर्णय खालचे पंख धडाला चिकटवण्यापूर्वीच घ्यावा लागतो, कारण बिजागऱ्यांचे भाग वेगळे असून ते नंतर बदलता येत नाहीत.