जपलेली, रिस्टोर न केलेली एमजीबी की टीआर६, घ्यायची कुठली?

पन्नास वर्षांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, पेंट कंपनीचाच, सीट कंपनीच्याच, कुणी कधी पूर्ण उघडून परत जोडलेली नाही, अशी घ्यायची म्हणून इंग्लंडात शोधायला लागलं की बहुतेक लोक एमजीबी रोडस्टर (उघडी, दोन सीटची) आणि ट्रायम्फ टीआर६ या दोघींपाशीच येऊन अडकतात, कारण जॅग्वार ई-टाइप वगैरे आपण फोटोतच बघायची. दोन्ही दिसायला मस्त, दोन्हींचा कापडी टप निघतो, दोन्हींचे पार्ट अजून मिळतात. म्हणून सल्ला देणारे सांगतात की जी आवडेल ती घ्या. रिस्टोर केलेली घेत असाल तर तेही ठीक आहे, पण जपलेली ओरिजिनल घ्यायची असेल तर मला हे पटत नाही, कारण एमजीबीत ओरिजिनल असण्याचा पुरावा पत्र्यात असतो आणि टीआर६मध्ये तो आधी नंबरात असतो, आणि ज्याला जे तपासता येतं त्याने ती गाडी घ्यावी.

आधी एक गोष्ट. रिस्टोर न केलेली म्हणजे कधी हातच न लावलेली असं नाही. टायर, होजपाइप, ब्रेकची रबरं हे सगळं बदललेलंच पाहिजे, नसेल तर तो मालकाचा आळस आहे, त्याला जपणं म्हणत नाहीत. पेंट फिका, सीटला सुरकुत्या, क्रोमवर बारीक ठिपके हे चालतं, खरं तर हवंच. गंज चालत नाही. इकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे रोज वापरलेल्या गाड्या कधीच्याच कुजल्या किंवा वेल्डिंग करकरून वाचवल्या, आणि ज्या खरंच तशाच राहिल्या त्या गॅरेजमध्ये झाकलेल्या तरी होत्या किंवा कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या हवेत तरी.

आता एमजीबी. १९६२ ते १९८० अशी ही गाडी अ‍ॅबिंग्डनला बनली, जीटी, म्हणजे पक्क्या छपराची, वगैरे धरून पाच लाखांच्या वर, त्यामुळे निवडीला वाव भरपूर. इंजिन १७९८ सीसीचं चार सिलिंडर, दोन एसयू कार्ब्युरेटर, साधं सरळ, ज्याला अँबेसिडरचं बॉनेट उघडायची सवय आहे त्याला इथे घाबरण्यासारखं काही नाही. (अँबेसिडरचं जुनं १४८९ सीसी इंजिनही याच बीएमसी बी-सिरीजचं, त्यामुळे हे नातं खरंच आहे.) १९६४ च्या शेवटापासून क्रँकला तीनऐवजी पाच बेअरिंग आली, १९६७ पासून पहिल्या गिअरलाही सिंक्रो, म्हणजे गिअर न कुरकुरता पडायची सोय, आली, तेव्हा रोज चालवायची असेल तर त्यानंतरची बघा.

पण एमजीबीचं खरं प्रकरण म्हणजे सिल, दाराखालचा तो पट्टा. हिला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, आणि सगळी ताकद या सिलमध्ये असते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधे एक उभा पडदा आणि खाली अजून एक सेक्शन असे थर आहेत, आणि बाहेरचा सिल पुढच्या आणि मागच्या विंगच्या आत शिरतो, म्हणजे नीट बदलायचा तर पुढची विंग काढावी लागते आणि मागच्या विंगचा खालचा भाग कापावा लागतो. हे महाग पडतं म्हणून कित्येकांनी कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा चिकटवला, वर पुट्टी, वर चकाचक पेंट. वरून कीर्तन आतून तमाशा. रिस्टोर केलेल्या गाडीत हेच भय असतं की आत काय आहे ते कापल्याशिवाय कळत नाही, आणि जपलेल्या गाडीचा फायदाही नेमका इथेच, खालच्या काठावर कारखान्याच्या स्पॉट वेल्डचे गोल खळगे ओळीने दिसतात का बघा, दिसले तर निम्मं काम झालं. मग सिलखाली जॅक लावून एक बाजू उचला आणि दाराची फट बघा, फट बदलून दार अडकायला लागलं तर गाडी मधून वाकतेय, तिथेच नमस्कार करा.

रबर बंपरवाल्या, म्हणजे १९७४ च्या शेवटानंतरच्या, लोकांना आवडत नाहीत. अमेरिकेच्या नियमांसाठी गाडी उंच केली, वळणावर झुकते, आणि दिसायलाही ते काळं रबर जरा जडच वाटतं. पण कमी चाललेली ओरिजिनल गाडी हवी असेल तर नाक मुरडू नका, कारण १९८० साली शेवटची एलई, म्हणजे लिमिटेड एडिशन काढली, ४२० रोडस्टर ब्राँझ रंगात आणि ५८० जीटी प्युटर (करड्या) रंगात, आणि शेवटची एमजीबी म्हणून बऱ्याच लोकांनी ती घेतली आणि झाकूनच ठेवली. क्रोम बंपरवाल्या गाड्यांचं असं लाडाने साठवणं कमीच झालं, तेव्हा त्या फक्त वापरायच्या गाड्या होत्या.

टीआर६ चं गणित वेगळं. १९६८ च्या शेवटापासून १९७६ पर्यंत कव्हेंट्रीला बनली, एकूण नव्वद हजारांच्या वर, पण त्यातल्या बहुतांश अमेरिकेला गेल्या. आणि अमेरिकेची टीआर६ म्हणजे वेगळीच गाडी, तिच्यात दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर. ब्रिटनच्या गाडीत २४९८ सीसीच्या सहा सिलिंडर इंजिनाला लुकासचं मेकॅनिकल पेट्रोल इंजेक्शन, सुरुवातीला १५० बीएचपी, पुढे १२५. आवाज असा की एमजीबीवाल्यानेही गुपचूप मान्य करावं. आता गंमत अशी की नंतर अमेरिकेतून गंज नसलेल्या गाड्या परत आल्या, त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, कुणी कुणी इंजेक्शनही बसवलं, आणि आज जाहिरातीत त्या नुसत्या टीआर६ म्हणून असतात. वाईट नाहीत, पण रिस्टोर न केलेली ब्रिटिश गाडी म्हणून जास्त पैसे द्यायचे तर कमिशन नंबर, म्हणजे गाडीच्या पाटीवरचा कारखान्याचा नंबर, बघा, सीपी किंवा सीआरने सुरू होत असेल तर इंजेक्शनवाली, सीसी किंवा सीएफ असेल तर अमेरिकेसाठी बनलेली. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या रजिस्टरवरून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, त्यात तारीख, मूळ रंग आणि गाडी कुठल्या देशासाठी होती ते येतं. एमजीबीलाही मिळतं. विकणाऱ्याने काढलेलं नसेल तर आपल्या पैशाने काढा, वाया जात नाहीत.

टीआर६ ला वेगळी चासी आहे, तिच्यावर बॉडी बोल्टने बसते. म्हणून लोकांना वाटतं की गंजाचं टेन्शन कमी. उलट आहे. मागच्या ट्रेलिंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) जोडाजवळ चासीच कुजते, आणि डिफरन्शियलच्या माउंटिंगला चीर जाते, क्लच सोडताना मागून ठक्क आवाज आला तर तेच समजा. अजून एक, इंजिन चालू न करता कुणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुढची क्रँक पुली बघा, ती मागेपुढे सरकताना डोळ्याला दिसली तर क्रँकला जागेवर धरणारे थ्रस्ट वॉशर गेले, आणि ते निखळून पडले तर ब्लॉकपर्यंत नुकसान जातं. इंजेक्शनचा लुकास पंप डिकीत असतो, तो गरम होऊन कटकट करतो, म्हणून अनेकांनी बॉशचा पंप लावलाय, त्याने माझ्या मते ओरिजिनलपणाला काही बाधा येत नाही, फक्त जुना पंप डब्यात घालून गाडीबरोबर देतात का ते विचारा.

कागदपत्रांत ब्रिटनमध्ये एक सोय आहे आणि एक अडचण. २००५ पासूनची एमओटी, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी फिटनेस टेस्टची हिस्टरी ऑनलाइन फुकट दिसते, त्यात मायलेज असतं आणि टेस्टरने गंजाबद्दल लिहिलेले शेरेही असतात, ते वाचायला कादंबरीपेक्षा मजा येते. पण २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना, फार बदल केलेले नसतील तर, टेस्ट सक्तीची नाही, त्यामुळे बऱ्याच गाड्यांची हिस्टरी तिथेच थांबते. घेण्याआधी विकणाऱ्याला म्हणा की एकदा टेस्ट करून द्या, पैसे मी देतो. तयार नसेल तर कारण विचारा, आणि उत्तर गोलगोल आलं तर नाद सोडा. रोड टॅक्स चाळीस वर्षांवर शून्य, तो प्रश्न दोन्हींना नाही.

कमी मायलेजला भुलू नका. उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त त्रास देते, टाकीत गंज, ब्रेक सिलिंडर जाम, टायरची नक्षी नवी आणि रबर दगडासारखं. टायरवर चार आकडी कोड असतो, आठवडा आणि वर्ष, तो वाचा. आणि २०२१ पासून इथे साधं पेट्रोल म्हणजे ई१०, दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं, आहे, जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून होज बदला आणि कमी इथेनॉलचं सुपरवालं ई५ भरा. टीआर६ च्या इंजेक्शनमध्ये पेट्रोलचा प्रेशर जबरदस्त असतो, तिथे गळकी नळी म्हणजे सरळ आगीशी खेळ, यात काटकसर नको.

मग घ्यायची कुठली? पहिलीच क्लासिक असेल, स्वतः हात काळे करायची हौस असेल आणि वर्षभर चालवायची असेल तर कारखान्याचे सिल शाबूत असलेली एमजीबी, रंग फिका असला तरी. पुढेमागे काही झालंच तर १९८८ पासून हिची नवी बॉडीशेलसुद्धा मूळ डायवर, म्हणजे कारखान्याच्याच साच्यांवर, बनवून मिळते. फक्त ओरिजिनलपणासाठी फार जास्त पैसे मोजू नका, एवढ्या गाड्या बनल्यात की दुसरी मिळेल. टीआर६ महाग आहे, पण सीपी नंबरची, पहिल्या मालकापासूनची बिलं असलेली, मूळ पेंटची ब्रिटिश गाडी खरंच समोर आली तर तिथे रिस्टोर केलेलीपेक्षा जास्त दिले तरी मला ते आतबट्ट्याचं वाटत नाही, अट एकच, कोरडं गॅरेज पाहिजे आणि इंजेक्शन समजणारा मेकॅनिक जवळपास पाहिजे. हे दोन्ही नसतील आणि सहा सिलिंडरचा आवाज डोक्यातून जातच नसेल, तर अमेरिकेहून आलेली कार्ब्युरेटरवाली टीआर६ घ्या, पण अमेरिकेतून आलेल्या गाडीच्याच भावात, आणि निवांत चालवा.